काल-विभेदित प्रकीर्णन

काल-विभेदित प्रकीर्णन : प्रकाश शोषिल्यानंतर रेणूच्या संरचनेत अत्यल्प काळात होणारे बदल क्ष-किरणांच्या अथवा इलेक्ट्रॉनांच्या प्रकीर्णनाने (विखुरले जाण्याने) टिपण्याच्या पद्धतीस काल-विभेदित प्रकीर्णन म्हणतात. रेणूतील अणूंचे वेग सेकंदाला सु. १ किमी. या कोटीचे असतात, तर लगतच्या अणूंमधील अंतरे १ ते ३ अँगस्ट्रॉम (१ अँगस्ट्रॉम = एका सेंमी.चा दहा कोटीवा भाग) एवढीच असतात. त्यामुळे बंध तुटण्यास वा नवा जुळण्यास सु. १०० फेमटोसेकंद पुरतात. फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दहा लाखावा भाग होय.

प्रखर क्षणदीप्तीने विक्रिया सुरू करून तिचा मागोवा घेण्याची पद्धत आर्. जी. डब्ल्यू. नॉरिश व जॉर्ज पोर्टर यांनी १९४९ च्या सुमारास प्रचारात आणली. तेव्हा कालमर्यादा मिलिसेकंदाच्या आसपास होती. लेसरांमुळे ती झपाट्याने खाली आली आणि १९८७ मध्ये अहमद झेवेल यांनी आयोडीन सायनाइडाचा बंध सु. २०० फेमटोसेकंदांत तुटतो, हे दाखविले. या कार्याबद्दल त्यांना १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि या पद्धतींत रेणूने कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषिला वा उत्सर्जित केला, एवढेच मोजले जाते. त्यावरून ऊर्जा कळते. अणू कोठे आहेत, हे अनुमानानेच ठरवावे लागते. दृश्य प्रकाशाचे प्रकीर्णनही येथे पुरेसे नाही. चं. व्यं. रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामाचे फेमटोसेकंदी रूप वापरून दृष्टिपटलातील ऱ्होडॉप्सिनाचे बदल २००५ मध्ये अभ्यासण्यात आले व त्यातून रेणूच्या कंपनांविषयी मोलाची माहिती मिळाली; परंतु ४,००० ते ७,००० अँगस्ट्रॉम लांबीच्या तरंगाने एका अँगस्ट्रॉमचे अंतर प्रत्यक्ष मोजता येत नाही. त्यासाठी तरंगलांबीही अँगस्ट्रॉमच्याच कोटीची हवी.

वायूतील रेणू सर्व दिशांना वेडेवाकडे विखुरलेले असले, तरी त्यांच्या प्रकीर्णनातून अंतरे काढता येतात, हे पीटर डेबाय यांनी १९१५ मध्ये दाखविले. अणूंची प्रत्येक जोडी प्रकीर्णित तीव्रतेत कोनानुसार एक चढउतार निर्माण करते. जोडीतील अंतर जितके अधिक, तितके हे चढउतार दाट. प्रयोगात प्रथम लेसरचा स्पंद रेणूस उत्तेजित करतो आणि ठराविक विलंबाने दुसरा, क्ष-किरणांचा स्पंद त्यावरून प्रकीर्णित होतो. विलंब साधण्याची युक्ती साधी आहे. आरसा १५ मायक्रॉन मागे सरकविला की, प्रकाशाचा जाण्यायेण्याचा मार्ग ३० मायक्रॉनांनी वाढतो व त्यास १०० फेमटोसेकंद उशीर होतो.

अडचण होती ती क्ष-किरणांच्या स्पंदाची. सिंक्रोट्रॉनातील स्पंद सामान्यतः १०० पिकोसेकंदांचे, म्हणजे हव्या त्या काळाच्या हजारपट लांब असतात. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे २००९ मध्ये क्ष-किरणांचा मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर कार्यान्वित झाला व काही दशक फेमटोसेकंदांचे अतिप्रखर स्पंद मिळू लागले. जपान व जर्मनी या देशांतही पुढे असे लेसर उभारले गेले. एवढ्या प्रचंड वेगवर्धकाची व लहानशा लेसरची वेळ मात्र तंतोतंत जुळत नाही. म्हणून प्रत्येक स्पंदाचा आगमनकाल वेगळा नोंदवून निरीक्षणे मागाहून क्रमाने लावतात. क्ष-किरणांऐवजी इलेक्ट्रॉन वापरल्यास प्रकीर्णन लक्षावधी पटींनी प्रबळ होते. पण इलेक्ट्रॉन परस्परांना दूर सारीत असल्याने स्पंद पसरतो. त्यांना काही दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा दिल्यास हा दोष बराच कमी होतो.

१,३-सायक्लोहेक्झाडाइन या सहा कार्बन अणूंच्या वलयी रेणूवरील प्रयोग या क्षेत्रात आदर्शवत मानला जातो. जंबुपार प्रकाशाने त्याचे वलय उघडून सरळ साखळीचे हेक्झाट्रायीन बनते. उन्हात त्वचेमध्ये ड जीवनसत्त्व तयार होण्याची पहिली पायरी याच जातीची आहे, आणि वलयाची टोके कोणत्या दिशेने वळतील याचे नियम आर्. बी. वुडवर्ड व रोअल्ड हॉफमन यांनी १९६५ मध्येच मांडले होते. प्रत्यक्ष उघडण्याची क्रिया मात्र कोणी पाहिलेली नव्हती. स्टॅनफर्ड येथे २०१५ मध्ये कमी दाबाच्या वायूवर २६७ नॅनोमीटरचा स्पंद टाकून हे निरीक्षण करण्यात आले. वलय सु. ८० फेमटोसेकंदांत उघडते असे आढळले. २०१९ मध्ये इलेक्ट्रॉन विवर्तनानेही हीच विक्रिया टिपण्यात आली.

अशा निष्कर्षांना ‘रेणूचा चलच्चित्रपट’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. तीत थोडी अतिशयोक्ती आहे. प्रत्येक निरीक्षण निराळ्या रेणूंचे असते. शिवाय लेसर फार प्रखर ठेवल्यास रेणू एकाऐवजी दोन फोटॉन शोषून आयनीभूत होतात. म्हणून थोडेच रेणू उत्तेजित करावे लागतात आणि मोजावयाचा फरक एकूण प्रकीर्णनाच्या मानाने अल्प राहतो. वरील रेणूत १४ अणू असून त्याचा आकार सांगण्यास ३६ राशी लागतात. एवढ्या राशी एका वक्रातून निघणे शक्य नाही. त्यातही हायड्रोजन क्ष-किरणांस जवळजवळ दिसत नाही. म्हणून गणिताने अनेक संभाव्य मार्ग काढून निरीक्षणाशी जुळणारे निवडतात. जो मार्ग गणितात मुळातच आला नाही, तो निष्कर्षातही येणार नाही, हा या रीतीचा धोका आहे.

डेबाय यांचे सूत्र अणू सुटे आहेत व त्यांचे इलेक्ट्रॉन अविचल आहेत असे गृहीत धरते. क्ष-किरण तर इलेक्ट्रॉनांवरूनच प्रकीर्णित होतात आणि प्रकाश शोषिताच प्रथम बदलते ती इलेक्ट्रॉनांची मांडणी. ही त्रुटी पुढे साधन ठरली. याच सायक्लोहेक्झाडाइनावर २०० नॅनोमीटरचा प्रकाश टाकून केलेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, अणू फारसे हलण्यापूर्वी इलेक्ट्रॉनांच्या वाटणीत पडलेला फरक प्रकीर्णनातून वेगळा ओळखता आला.