शेतकरी बांध का मोडतो? प्रश्न मांडण्याआधी हे बघा

मृदसंधारणावर संशोधन करायचं ठरलं की बरेच जण पहिला प्रश्न असा लिहितात : ‘अल्पभूधारक शेतकरी मृदसंधारणाच्या पद्धती का स्वीकारत नाहीत?’ प्रश्न सरळ वाटतो. पण पद्धत चांगलीच आहे, शेतकऱ्यालाच ती कळत नाही, हे त्यात आधीच धरलेलं असतं. प्रस्ताव लिहिण्याआधी हे गृहीतक तपासून घ्या.

एक उदाहरण बघू. मुंबई प्रांतात 1942 साली जमीन सुधारणा योजना कायदा झाला आणि पुढे कोरडवाहू भागात समतल बांधांची कामं मोठ्या प्रमाणावर झाली. शास्त्राप्रमाणे बांध समपातळी रेषेवर हवा. पण ही रेषा काही सातबारा बघून जात नाही! दोन एकरांच्या तुकड्यातून बांध तिरपा गेला की कोपरे सुटतात, औत फिरवायला त्रास होतो, जमीन अडकते. म्हणून अनेकांनी असे बांध नांगरून टाकले. जॉन केर आणि एन. के. संघी यांनी 1992 मध्ये भारतातल्या कोरडवाहू शेतीबद्दल लिहिताना दाखवलं की शेतकरी शेताच्या हद्दीवरचे बांध मात्र स्वतःहून घालतात आणि जपतात. म्हणजे मातीची काळजी होतीच, बांधाची जागा पटत नव्हती.

मग शेतकरी कशामुळे तयार होतो? पहिली गोष्ट, फायदा कधी दिसतो. माती वाचल्याचा फायदा कळायला वर्षं जातात, ओल टिकल्याचा याच हंगामात कळतो. दुसरी, जमीन कुणाची. पुढच्या वर्षी रान आपल्याकडे राहील की नाही हे माहीत नसलेला वाटेकरी बांधावर मजुरी कशाला घालेल? तिसरी, शेजारी. वरच्या शेतातलं पाणी मोकाट सुटलं तर खालच्याचा बांध फुटणारच. हिवरे बाजारसारख्या गावात चराईबंदी आणि श्रमदान हे सगळ्यांचे नियम झाले, त्याला म्हणूनच महत्त्व आहे. चौथी, अनुदान. त्यातून बांध उभा राहतो, पण टिकेलच असं नाही.

‘वय, शिक्षण, जमीनधारणा घेऊन प्रतिमान चालवू’ असं तुम्हाला वाटेल. जरूर चालवा. पण नोलर आणि ब्रॅडशॉ यांनी 2007 मध्ये संवर्धित शेतीवरचे जगभरातले अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सगळीकडे लागू पडतील असे घटक जवळपास सापडलेच नाहीत. म्हणून स्थानिक कारणं शोधावीच लागतात.

आणि ‘स्वीकार’ हा नुसता हो/नाही असा मोजू नका. योजना संपल्यावर दोन-तीन पावसाळे जाऊ द्या, मग गावात जा. प्रश्नावलीत एवढं नक्की विचारा : गेल्या पावसाळ्यात फुटलेला बांध कुणी, कधी आणि कुणाच्या पैशाने दुरुस्त केला?