भात्याविना पेटी

गेल्या वर्षी आमच्या आळीतल्या भजनी मंडळाची कार्तिकातली काकडआरती पेटीशिवाय झाली. टाळ होते, मृदंग होता, खंजिरी होती. पेटी मात्र आमच्या घरी गवसणीत पडून होती. पेटीवाले म्हणजे माझे सासरे. आमच्याकडच्या सुनांप्रमाणे मीही त्यांना मामाजी म्हणते. लोधीखेड्याच्या या मंडळात चाळीस वर्षे पेटीवर तेच बसत आले. त्या श्रावणात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. औषधपाण्याने बोलणे सुधारले, काठीच्या आधाराने ते चालू लागले, उजवा हात तर पूर्वीसारखाच राहिला. पण डाव्या हातात काही बळ आले नाही. आणि पेटीचा भाता ओढायचा तो डाव्या हाताने.

"बोटं चालते बाई, पन वारा कोन देईन?" असे ते एका संध्याकाळी म्हणाले, तेव्हा मला उत्तर सुचले नाही. आमच्या चिरंजीवांनी दोन-चारदा शेजारी बसून भाता ओढून पाहिला. पण वाजवणारा एक आणि वारा देणारा दुसरा, हे जमेना. कुठे सूर फुगवायचा, कुठे मऊ करायचा, हे वाजवणाऱ्याच्या मनात असते. ते शेजारच्याला कसे कळणार?

माझी खरी काळजी वेगळीच होती. मंडळाच्या चाली मामाजींच्या बोटांत आहेत. काही जुन्या वारकरी अभंगांच्या, काही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांच्या, काही तर त्यांच्याही आधीच्या पेटीवाल्यांकडून आलेल्या. स्वरलिपी कोणी केलेली नाही. आपल्या सीमाभागातली मुले हिंदी शाळांत शिकतात. लिपी एकच असल्यामुळे वहीतले मराठी शब्द ती सहज वाचतात. चाल मात्र वहीत लिहिलेली नसते. मोबाइलवर भजनाचे रेकॉर्डिंग पुष्कळ आहे, पण त्यात टाळांच्या गजरात पेटी ऐकूच येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत चिरंजीव नागपूरच्या कॉलेजातून घरी आले आणि म्हणाले, "आई, आजोबांसाठी मिडी कीबोर्ड घेऊ. त्याला भाताच नसतो." मराठी साहित्यात एम.ए. झालेल्या माझ्यासारखीला यातले ओ की ठो कळत नव्हते. पण वर्षभरात जे शिकले, ते इतर घरांच्याही उपयोगी पडेल असे वाटते. म्हणून हा लेख.

हे यंत्र म्हणजे काय?

आपल्याकडे कोणत्याही इलेक्ट्रिक पेटीला सरसकट 'कॅसिओ' म्हणतात. मिडी कंट्रोलर हा त्यातला नव्हे. त्याला स्वतःचा आवाज नसतो, स्पीकरही नसतो. पट्टी दाबली की तो लॅपटॉपला फक्त निरोप धाडतो: अमुक पट्टी, इतक्या जोराने दाबली, आणि नंतर, सोडली. प्रत्येक पट्टीला ० ते १२७ मधला एक क्रमांक असतो. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक म्हणजे ६१. दाबण्याचा जोरही १२७ पर्यंतच मोजला जातो. आवाज निघतो तो लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरमधून. तिथे हार्मोनियमचा सूर निवडला तर पेटी वाजते, सतारीचा निवडला तर सतार.

ही निरोपांची भाषा म्हणजे मिडी. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या 'नॅम' या वाद्यमेळ्यात अमेरिकन सिक्वेन्शियल कंपनीचे एक आणि जपानी रोलँड कंपनीचे एक अशी दोन वाद्ये वायरीने जोडून ती पहिल्यांदा लोकांना दाखवली गेली. त्यामागच्या डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी देण्यात आले. २०२० मध्ये या भाषेची दुसरी आवृत्ती आली, तरी १९८३ ची भाषा आजही सर्वत्र चालते.

निरोपच साठवला जात असल्याने सोयी होतात. एखादा सूर चुकला तर तेवढाच दुरुस्त करता येतो. गती निम्मी केली तरी पट्टी उतरत नाही. पडद्यावर प्रत्येक सूर लहान-मोठ्या रेघेसारखा दिसतो. ज्याला स्वरलिपी येत नाही, त्यालाही सूर कुठे चढला आणि किती लांबला ते समजते. आमच्या अडचणीवर हाच इलाज होता.

पहिली खरेदी फसली

आम्ही घाई केली. चित्र पाहून आणि बटणे मोजून घरबसल्या एक लहानसा कंट्रोलर मागवला. पंचवीस पट्ट्या, त्याही अरुंद. वर तालाच्या आठ गाद्या आणि आठ फिरत्या खुंट्या. कॉलेजातल्या पोराला बसमध्ये मांडीवर घेऊन गाणी रचायला ती वस्तू उत्तम. मामाजींनी हात ठेवला आणि एका बोटाखाली दोन पट्ट्या दबल्या. पंचवीस पट्ट्या म्हणजे जेमतेम दोन सप्तके. तारसप्तकात जायचे तर डाव्या हाताने बटण दाबावे लागे. ज्या हातासाठी हा खटाटोप केला, त्यालाच पुन्हा काम लावले! दोष वस्तूचा नव्हता. कोणाच्या हातासाठी घेतो आहोत, हे आम्हीच पाहिले नव्हते.

मग मी शिवणाची टेप घेऊन घरची पेटी मोजायला बसले. पियानोच्या मापाच्या पट्ट्यांचे एक सप्तक सुमारे साडेसोळा सेंटिमीटर भरते. आमच्या पेटीचे त्याहून थोडेच कमी निघाले. लहान पट्ट्यांच्या यंत्राचे मात्र पुष्कळच कमी होते. वाचकहो, दुकानात जाण्याआधी हे माप घरीच घ्या. पेटी साधारण तीन ते साडेतीन सप्तकांची असते, म्हणजे ३७ ते ४२ पट्ट्या. कंट्रोलर २५, ३७, ४९, ६१ आणि ८८ पट्ट्यांचे मिळतात. पेटीच्या सवयीच्या हाताला ४९ पुरतात, म्हणजे चार सप्तके. ८८ पट्ट्यांचा बहुधा पियानोसारखा जड असतो. तो पियानो शिकणाऱ्याने घ्यावा. म्हाताऱ्या बोटांना हलक्या स्प्रिंगच्या पट्ट्याच बऱ्या.

वारा कुठून आणायचा?

दुसऱ्या खेपेला मामाजींनाच नागपूरला घेऊन गेलो. दुकानात पाच-सहा यंत्रे मांडलेली होती. त्यांनी एकावर 'काळी एक' धरून चार ओळी वाजवल्या आणि हात काढून घेतला. "आवाज पेटीचा हाय, पन थे श्वास घेत नाही," म्हणाले.

त्यांचे म्हणणे बरोबर होते. पेटीत पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज ठरतो भात्यावर. कंट्रोलरमध्ये उलटे, जोरात दाबले तर मोठा, हळू दाबले तर लहान. त्यामुळे त्यांची सफाईदार तान कुठे दबकी, कुठे ठसकेबाज येत होती. यावर दोन उपाय निघाले. पहिला म्हणजे पट्टीच्या जोराचा हिशेब बंद करून सगळे सूर सारख्या जोराने येतील असे करणे. ही सोय पुष्कळ यंत्रांत असते. दुसरा उपाय पायाचा. कंट्रोलरला एक्स्प्रेशन पेडल जोडता येते. ते पायाने जितके दाबावे, तितका आवाज फुलतो आणि सोडावे तसा विरतो.

हे ऐकल्यावर मामाजींचा चेहरा खुलला. जुन्या संगीत नाटकांत पायाने भाता मारायचा ऑर्गन असे. तो त्यांनी तरुणपणी पाहिला होता. "म्हंजे पायपेटीच झाली की!" १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्सांद्र दबेँ याने हार्मोनियमचे पेटंट घेतले, तेव्हा त्या वाद्याचा भाताही पायानेच चालत होता. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या आपल्या माणसांसाठी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताच्या भात्याची पेटी रुळवली. आमच्या घरी वारा हातातून पुन्हा पायात गेला, इतकेच. मामाजींचा उजवा पाय धड आहे. आता ते खुर्चीवर बसतात आणि कंट्रोलर टेबलावर असतो.

पण सावध राहा. लहान कंट्रोलरना पेडलची जागा एकच असते आणि ती बहुधा सूर धरून ठेवणाऱ्या सस्टेन पेडलची. ते नुसते चालू-बंद होते. त्याने भात्याचे काम होत नाही. एक्स्प्रेशन पेडल जोडता येते का, हे विचारूनच घ्या. निरनिराळ्या कंपन्यांच्या पेडलची जोडणी सारखी नसते, म्हणून पेडल तिथेच लावून पाय दाबून पाहा.

आणखी चार गोष्टी

पट्टी बदलण्याचे बटण जरूर असावे. मामाजी काळी एकमध्ये वाजवतात, महिला मंडळ काळी पाचमध्ये गाते. सूर तीन पट्ट्या खाली सरकवला की त्यांची बोटे जुन्याच जागी राहतात आणि आवाज काळी पाचचा येतो. पेटीत यासाठी महागडी स्केलचेंजर घ्यावी लागते.

डावीकडच्या पिच बेंड चाकाने एका सुरातून दुसऱ्या सुरात घसरत जाता येते. मींड निघत नाही, हा तर पेटीवरचा जुना आक्षेप. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दूर ठेवले, त्यामागे हेही एक कारण होते. मामाजींना या चाकाचा उपयोग नाही, पण शिकणाऱ्या मुलांनी त्याचा अभ्यास करावा.

तिसरी गोष्ट उशिराची. पट्टी दाबल्यावर आवाज मागून आला तर वाजवणारा वैतागतो. दोष सहसा कंट्रोलरचा नसून लॅपटॉपच्या ध्वनीच्या मांडणीचा असतो. विंडोजवर 'आसिओ' प्रकारचा ड्रायव्हर घालून बफर १२८ वर आणला, तर त्या टप्प्यावरचा उशीर सुमारे ३ मिलिसेकंद राहतो. लॅपटॉप जुना असल्याने आवाज तुटू लागला तर २५६ करा.

चौथी गोष्ट खर्चाची. आम्ही घेतलेल्या ४९ पट्ट्यांच्या कंट्रोलरला आणि पेडलला मिळून दोनेक क्विंटल कापसाचे पैसे लागले. सॉफ्टवेअरला खर्च आला नाही. 'एलएमएमएस'सारखे फुकट मिळणारे कामापुरते पुरते. कंट्रोलर लॅपटॉपच्याच विजेवर चालतो, त्यामुळे वीज गेली तरी काम थांबत नाही. घरात कॅसिओसारखा कीबोर्ड असेल आणि त्याला यूएसबीची खाच असेल, तर काहीही घेण्याआधी तोच लॅपटॉपला जोडून पाहा. असे पुष्कळ कीबोर्ड कंट्रोलरचे काम करतात.

चाल राहते, गळा राहत नाही

गेल्या दहा महिन्यांत मामाजींनी तेवीस चाली वाजवून ठेवल्या. दुपारच्या चहानंतर एखादी. कधी मधेच थांबून, "हे असं नोहे," म्हणत पुन्हा सुरुवात. जुन्या पेटीवाल्यांकडून आलेली एक चाल तीन दिवस आठवेना. चौथ्या दिवशी पहाटे त्यांनीच आम्हाला उठवले.

हे सारे सोन्यासारखे आहे असेही नाही. दोन सुरांच्या मधली जागा, अभंग म्हणताना एखाद्या शब्दावर घेतलेला हेलकावा, यातले मिडीत काही उतरत नाही. म्हणून प्रत्येक चालीबरोबर मोबाइलवर त्यांच्या तोंडून दोन कडवीही रेकॉर्ड करतो. दोन्ही एका नावाने जपून ठेवले आहे आणि एक प्रत मंडळाच्या पोरांकडे दिली आहे.

यंदाच्या कार्तिकात मंदिरात यंत्र न्यायचे का, यावर मंडळात चर्चा झाली. मामाजींनीच नाही म्हटले. मंडळातला अकरावीतला एक मुलगा तीन महिने आमच्याकडे येऊन, पडद्यावरच्या रेघा पाहत, गती निम्मी करून चाली बसवत होता. गवसणी काढून पेटी त्याच्यापुढे ठेवली. पहाटेच्या थंडीत मामाजी त्याच्या डाव्या बाजूला शाल पांघरून बसले होते. तिसऱ्या अभंगाला पोरगा अंतऱ्यात चुकला, तेव्हा त्यांनी फक्त त्याच्या गुडघ्यावर बोट टेकवले आणि तो सावरला.

वाचकहो, तुमच्या घरात, गावात असे एखादे पेटीवाले बाबा असतील. यंत्र कोणते घ्यायचे, ते मुलांना ठरवू द्या. पण खरेदीला बाबांना बरोबर न्या आणि पट्ट्यांवर त्यांचाच हात ठेवून पाहा. आणि यंत्र घेणे होणार नसेल, तर आज संध्याकाळी मोबाइल पेटीजवळ ठेवून, टाळ बाजूला ठेवून, एक चाल तरी नुसत्या पेटीवर वाजवून घ्या. आम्ही तो झटका येईपर्यंत थांबलो होतो.