पाणवठा, पंगत आणि प्रभुभोजन

1843 साली मुंबईत बारा-तेरा वर्षांच्या एका ब्राह्मण मुलावरून मोठे वादळ उठले. श्रीपत शेषाद्री हा स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत शिकणारा मुलगा थोरल्या भावापाठोपाठ मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि मूल अज्ञान म्हणून वडिलांच्या हवाली झाले. खरा प्रश्न मात्र त्यानंतर उभा राहिला. मुलाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. पण तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, त्यांच्याकडे जेवला होता. त्याला जातीत परत घ्यायचे का? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताची बाजू घेतली, सनातन्यांनी कडाडून विरोध केला, आणि मुंबईच्या ब्राह्मण समाजात उभे दोन तट पडले. श्रीपत कोणत्या देवाची प्रार्थना करतो यापेक्षा तो कोणाच्या पंगतीला बसला, हे जास्त महत्त्वाचे ठरले.

थोरला भाऊ नारायण परतला नाही. 1854 मध्ये त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि पुढे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यातल्या जालन्याला आपले कार्यक्षेत्र केले. तिथे ख्रिस्ती झालेले लोक प्रामुख्याने मांग आणि महार समाजातले होते. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभी केली. वेशीबाहेर राहण्याची सक्ती असलेल्या माणसांना तिथे स्वतःचे गाव मिळाले, आणि त्यांच्यात राहून उपासना चालवणारा माणूस जन्माने ब्राह्मण होता. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मुलुखात असे चित्र क्वचितच दिसले असेल. आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासात मात्र शेषाद्रींचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

ख्रिस्ती धर्मातला समतेचा विचार पंगतीशी आणि पाणवठ्याशी जोडलेला असणे हा योगायोग नाही. नव्या करारातल्या कितीतरी प्रसंगांत वाद जेवणावरून आणि पाण्यावरून होतो. येशू शोमरोनी बाईकडे विहिरीवर पाणी मागतो, तेव्हा ती स्वतःच चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. जकातदारांच्या पंगतीला बसतो म्हणून धर्ममार्तंड त्याच्या शिष्यांना जाब विचारतात. पुढे अंत्युखियात पेत्र बिगरयहुदी ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत असतो. यरुशलेमहून काही कर्मठ मंडळी येताच तो पंगतीतून अंग काढून घेतो. पौल त्याला सर्वांदेखत फटकारतो. ही हकिकत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. वंश, दास्य आणि लिंग यांवरून ख्रिस्तात भेद उरत नाही, हे त्याचे प्रसिद्ध प्रतिपादन त्याच पत्रात एका अध्यायानंतर येते. म्हणजे तत्त्व मांडण्याआधी त्याला पंक्तिभेदाचा सामना करावा लागला होता.

भारतात आलेल्या मिशनऱ्यांचे मात्र या बाबतीत एकमत नव्हते. सतराव्या शतकाच्या आरंभी मदुराईत आलेल्या रॉबर्ट दी नोबिली या येशूसंघीय धर्मगुरूने जात हा सामाजिक व्यवहार मानला, ब्राह्मणी वेश आणि आहार स्वीकारला आणि वरच्या जातींसाठी वेगळी व्यवस्था ठेवली. तमिळनाडूतल्या वडक्कनकुळम येथे तर चर्चमध्येच जातींना अलग करणारी भिंत होती. ती 1910 मध्ये पाडण्यात आली. याउलट कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी 1833 मध्ये फर्मान काढले की, मंडळीत जातिभेद चालणार नाही. तंजावर आणि मद्रासकडच्या वरच्या जातींतल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी ते मानले नाही, कित्येकांनी मंडळी सोडली. बाप्तिस्म्याने माणसाचे नाव एका दिवसात बदलता येत होते. त्याचे नातेसंबंध तितक्या सहज बदलत नव्हते.

महाराष्ट्रात ही कसोटी सर्वांत ठळकपणे लागली ती अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरात. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये तिथे ठाणे उघडले. तिथल्या सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात तशी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. नगरमध्ये हरी रामचंद्र खिस्ती यांच्यासारखे ब्राह्मण ख्रिस्ती झाले, आणि पुढे जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या गावांतून महार कुटुंबे मोठ्या संख्येने मंडळीत आली. दोघांची उपासना एका छपराखाली होती. त्या काळी प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीचा, पेलाही एकच असे. तो हातोहात फिरे आणि ज्याची सावलीही टाळली जाई त्याच्या ओठांना लागून शेजाऱ्याकडे जाई. आज या कृतीचे मोल चटकन लक्षात येत नाही. त्या काळी तिची किंमत वारसाहक्क, सोयरीक आणि आईवडिलांच्या घराचा उंबरठा अशी होती.

ही उलथापालथ आतून कशी होते, हे लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवले आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार मोडला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळे घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. राहुरीच्या मुक्कामात एकदा त्या एकट्याच विचार करत बसल्या: माणसा-माणसांत जाती देवाने केल्या असतील, तर त्या अंगावर दिसायला नकोत का? पशुपक्ष्यांच्या जाती दिसतात, माणसांच्या दिसत नाहीत. तेव्हा हे माणसांचेच काम. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये झाला. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आधी जात गेली आणि मग धर्म आला. कोणाही धर्मोपदेशकाने न शिकवलेले हे तर्कशास्त्र एका अल्पशिक्षित बाईने चुलीपाशी बसून सोडवले, हे मराठी समाजाने अभिमानाने सांगावे असे आहे.

पंडिता रमाबाईंना चर्चच्या अधिकाऱ्यांशीही झुंजावे लागले. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत आणि शिकवत होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघताच हिंदुस्थानातल्या अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी पत्रांतून निक्षून कळवले की, आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा लगाम आपण कोणाच्या हाती देणार नाही. गळ्यातल्या क्रुसावरचा मजकूर लॅटिनऐवजी संस्कृतात असावा, असाही त्यांचा आग्रह होता. ख्रिस्त स्वीकारला म्हणजे गोऱ्या धर्माधिकाऱ्यांची मक्तेदारी स्वीकारली असे नाही, हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले होते.

भारतात परतल्यावर 1889 मध्ये काढलेले शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते, आणि तिथे त्यांचे आहाराचे नियम सांभाळले जात. चित्र बदलले ते दुष्काळाने. 1896-97 मध्ये रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. 1900 च्या दुष्काळात ही संख्या आणखी वाढली. या बायका अनेक जातींच्या, अनेक भाषांच्या होत्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्या एकत्र राहू लागल्या. विणकाम, शेती, तेलघाणा, छपाई शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलचे खिळे याच बायकांनी जुळवले. ज्यांना अक्षर ऐकण्याचाही अधिकार नव्हता, अशा घरांतल्या मुली धर्मग्रंथ छापत होत्या. रमाबाई 1922 मध्ये गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडले.

या उजळ बाजूबरोबर दुसरीही सांगितली पाहिजे. गोव्यात चार शतकांहून जास्त काळ ख्रिस्ती असलेल्या समाजात बामण, चारडो, सुदिर हे भेद सोयरिकीत टिकून राहिले; कित्येक चर्चमध्ये उत्सवांचा मान सांभाळणाऱ्या कॉन्फ्रारिया जातींनुसार वाटलेल्या होत्या. गोऱ्या-काळ्याचा भेद वेगळाच. दिवाडीच्या मातेउश दे काश्त्रू यांना गोव्यात धर्मगुरू होता येईना. ते रोमला गेले, तिथे धर्मगुरू झाले आणि 1637 मध्ये बिशपही. वसईतही सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी ही ओळख धर्मांतरानंतर पुसली गेली नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी यावर नेमके बोट ठेवले. 1 जानेवारी 1938 रोजी सोलापूरच्या ख्रिस्ती लोकांपुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त यांच्याविषयीचा आदर बोलून दाखवला आणि दक्षिणेतल्या चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो, हेही तोंडावर सांगितले. ज्यांना चर्चने बरोबरीचे वचन दिले होते, त्यांच्या वतीने विचारलेला तो जाब होता.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला कायद्याची गाठ बसली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम बाहेरच राहिले. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये हा दर्जा धर्मापासून वेगळा करावा अशी शिफारस केली. 2022 मध्ये केंद्राने न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला. धर्म बदलला म्हणून गावाने जात विसरली, असा अनुभव दलित ख्रिस्ती कुटुंबांचा नाही. त्यामुळे धर्माच्या रकान्यावरून संरक्षण नाकारणे अन्यायाचे आहे.

पण दिल्लीकडे बोट दाखवून चर्चची सुटका होत नाही. भारतातल्या कॅथलिक बिशप परिषदेने 2016 मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये अस्पृश्यता व भेदभाव असल्याचे त्यात कबूल केले. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला 2022 मध्ये कार्डिनल झाले, तेव्हा दलित समाजातून त्या पदावर पोहोचलेले ते पहिले ठरले. दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. दोन्हींना फार उशीर झाला, हेही तितकेच खरे.

शेषाद्री, लक्ष्मीबाई आणि रमाबाई यांनी समता राहत्या घरात, स्वयंपाकघरात, छापखान्यात आणली. पंगत आणि पाणवठा बऱ्याच अंशी सर झाले. उरल्या आहेत त्या सोयरिकी, दफनभूमी आणि संस्थांच्या विश्वस्त मंडळांवरच्या खुर्च्या. महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या प्रत्येक धर्मग्रामाने, प्रत्येक मंडळीने या तिन्हींचा हिशेब स्वतःच मांडावा आणि तो आपल्या सभासदांपुढे उघडपणे ठेवावा. त्यासाठी कोणत्याही आयोगाच्या अहवालाची वाट पाहण्याची गरज नाही.