सामुईत पैसे मोजावेत ते हातांसाठी

‘द व्हाइट लोटस’ या मालिकेचा थायलंडमधला हंगाम एप्रिल २०२५मध्ये संपला. भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहण्याची मुभा थायलंडने जुलै २०२४पासूनच दिली होती. या दोन्हींमुळे को सामुई हे नाव आपल्याकडच्या सुट्टीच्या बेतांत येऊ लागलं आहे. बेटासोबत येतो तो ‘वेलनेस’चा भलाथोरला पसारा: डिटॉक्स, उपवास, ध्वनिस्नान, बर्फाच्या पाण्यात बुडी, आणि या सगळ्यांच्या गर्दीत कुठेतरी साधा थाई मसाज. माझं मत आधीच सांगून टाकतो. या बेटावर जे विकलं जातं त्यातली खरी मोलाची गोष्ट म्हणजे शिकून तयार झालेले हात. बाकीचं बरंचसं सजावट आहे आणि त्यातलं काही तर घातक आहे.

मालिकेतल्या आलिशान हॉटेलचं चित्रण प्रामुख्याने सामुईच्या फोर सीझन्समध्ये झालं. पण तिथल्या श्रीमंत पाहुण्यांपेक्षा मला स्पात काम करणारी बेलिंडा महत्त्वाची वाटते. पहिल्या हंगामात हवाईतल्या हॉटेलात ती एका दुखावलेल्या पाहुणीला हाताने आणि शब्दाने सावरते. पाहुणी तिला स्वतःचं केंद्र काढून देण्याचं आश्वासन देते आणि मग हात झटकून निघून जाते. तीच बेलिंडा या हंगामात सामुईला थाई लोकांकडून शिकायला येते. स्पाच्या धंद्यात ज्यांच्या कष्टावर सगळं उभं आहे, त्यांच्याकडे पाहणारं हे एवढंच पात्र त्या कथेत आहे.

थाई मसाज, म्हणजे ‘नुआद थाई’, हा आपल्याकडच्या तेलमालिशीपेक्षा वेगळा प्रकार. जमिनीवरच्या गादीवर, सैल सुती कपडे घालून, तेलाशिवाय. सुरुवात तळपायांपासून होते. मग पोटऱ्या, मांड्या, कंबर, पाठ, खांदे आणि सर्वांत शेवटी डोकं. दाब द्यायला अंगठे, तळहात, कोपर, गुडघे आणि पाऊलसुद्धा वापरतात. जाणती बाई दंडाची ताकद लावत नाही. हात सरळ ठेवून ती अंगाचा भार हळूहळू तुमच्यावर सोडते, श्वास सुटेपर्यंत थांबते आणि मग पुढच्या जागेवर सरकते. त्यानंतर ताण देणं: पाय दुमडून बाजूला वळवणं, हात धरून मागे ओढणं, पाठीची कमान करणं. योगासनं कुणीतरी आपल्याकडून करवून घ्यावीत तसा हा अनुभव असतो. पारंपरिक पद्धतीत याला दोन तास लागतात. तासाभरात उरकलेला मसाज बहुतेक वेळा पाय आणि पाठ यांच्यावरच संपतो, म्हणून परवडत असेल तर दोन तासांचाच घ्यावा.

या विद्येचा मूळपुरुष म्हणून थायलंडमध्ये जीवकाला मानतात. हा तोच जीवक कोमारभच्च, मगधाच्या बिंबिसाराचा आणि बुद्धाचा वैद्य, जो पाली परंपरेनुसार तक्षशिलेत सात वर्षं शिकला. मसाजशाळांत त्याची प्रार्थना होते. त्याने ही पद्धत रचली याला इतिहासाचा पुरावा नाही, पण श्रद्धेची दिशा आपल्याकडे आहे. शरीरात दहा मुख्य ‘सेन’ म्हणजे प्रवाहरेषा असतात, असं हे शास्त्र मानतं, आणि त्यांतल्या काहींचं इडा, पिंगला, सुषुम्ना या नाड्यांशी नातं उघड दिसतं. शवविच्छेदनात या रेषा सापडत नाहीत. मसाजाचं हे ज्ञान दगडावर कोरून ठेवलं थायलंडचा राजा तिसरा राम याने. बँकॉकच्या वाट फो मंदिराचा जीर्णोद्धार त्याने १८३२मध्ये हाती घेतला आणि औषधी, आसनं, मसाजाचे बिंदू यांचे शिलालेख भिंतींत बसवले. त्यातले मसाजाचे ६० फलक आजही तिथे पाहता येतात. वाचता येणाऱ्या कुणालाही शिकता यावं, अशी ही मांडणी होती. राजाने वैद्यक असं उघड्यावर मांडावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. याच मंदिराच्या आवारात १९५५मध्ये पारंपरिक वैद्यकाची शाळा सुरू झाली आणि डिसेंबर २०१९मध्ये युनेस्कोने नुआद थाईला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

आज हे हात कायद्याच्या चौकटीत काम करतात. २०१६च्या आरोग्यसेवा-आस्थापना कायद्यानुसार स्पा आणि मसाजकेंद्रांना परवाना लागतो, काम करणाऱ्यांना मान्यताप्राप्त शिक्षण आणि नोंदणी लागते. आरोग्यासाठीच्या थाई मसाजाचा पायाभूत अभ्यासक्रम १५० तासांचा असतो. हा व्यवसाय परदेशी नागरिकांना करता येत नाही. म्हणून दुकानात शिरल्यावर भिंतीवरचा परवाना आधी शोधावा. तो दर्शनी जागी असतो.

सामुईला चाळीस वर्षांपूर्वी ओळख होती ती नारळाची. बँकॉक एअरवेजने स्वतःचा विमानतळ बांधून १९८९मध्ये सुरू केला आणि नारळाच्या वाड्यांतून हॉटेलं उगवली. चावेंग आणि लमाईच्या वाळूत झावळ्यांच्या छपराखाली गाद्या मांडलेल्या असतात. तिथे किंवा रस्त्यालगतच्या दुकानात तासाभराच्या थाई मसाजाला साधारण ३०० ते ४०० बात पडतात. पंचतारांकित स्पात त्याच तासाचे काही हजार बात होतात. जास्तीचे पैसे कशाचे? एकांताचे, समुद्राकडे उघडणाऱ्या खोलीचे, गोकर्णाच्या फुलांच्या निळ्या सरबताचे. लमाईच्या टेकडीवरचं टॅमरिंड स्प्रिंग्ज मात्र मी या हिशेबातून वगळेन. प्रचंड शिळांच्या मधोमध बसवलेली वाफेची गुहा आणि शेजारी थंड पाण्याची कुंडं हा प्रकार दुसरीकडे उचलून नेता येणार नाही, तो त्या डोंगराचाच आहे. आणखी एका गोष्टीवर पैसे जरूर खर्च करावेत: ‘लुक प्रकोप’. प्लाय नावाचा आल्याच्या कुळातला कंद, हळद, गवती चहा, माक्रूट लिंबाची साल, चिंचेचा पाला, कापूर आणि मीठ फडक्यात बांधून वाफवतात आणि त्या गरम पुरचुंडीने अंग शेकतात. उसण भरलेल्या कंबरेला हा शेक फार मानवतो.

आता पैशाची दुसरी बाजू. १ जानेवारी २०२५पासून थायलंडने चार प्रांत आणि सामुई जिल्हा इथे किमान वेतन दिवसाला ४०० बात केलं. म्हणजे वाळूतल्या गादीवर आपण तासाला जे देतो, जवळपास तेवढी इथल्या कामगाराची दिवसाची किमान मजुरी आहे. मसाज करणाऱ्या बऱ्याच स्त्रिया ईसान या ईशान्येकडच्या गरीब भागातून आलेल्या असतात, मुलं गावी आजीकडे असतात. अनेक दुकानांत ठरलेला पगार नसतो, प्रत्येक गिऱ्हाइकामागे वाटा मिळतो. दिवसात एकही गिऱ्हाईक आलं नाही तर वाटाही नाही. कोरोनात मसाजाची दुकानं बंद झाली तेव्हा अनेकींना गावी परतावं लागलं. सामुई लसवंत पाहुण्यांसाठी पुन्हा उघडलं ते जुलै २०२१मध्ये. अंगठ्यांचं आणि मनगटांचं दुखणं तर या कामात कायमचंच. म्हणून १०० बातची टिप काउंटरवर न ठेवता त्या बाईच्या हातात द्यावी, आणि भावात घासाघीस मुळीच करू नये.

याच संदर्भात आपल्या पुरुषमंडळींशी स्पष्ट बोलायला हवं. थायलंडमधल्या मसाजाविषयी आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांत जे हसणंखिदळणं चालतं, त्याचा त्रास शिकून-सवरून नोंदणी केलेल्या या स्त्रियांना रोज होतो. भलतं सुचवणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणावं तर त्या दिवसाची कमाई जाते. हा त्यांचा व्यवसाय आहे, याची जाण ठेवूनच तिथे पाऊल टाकावं.

बेटाच्या दक्षिण टोकाचा भाग निवांत आहे आणि नामांकित आरोग्यकेंद्रं तिकडेच आहेत. जॉन आणि करीना स्टुअर्ट यांनी २००५मध्ये सुरू केलेलं कमलाया, पूर्वी भिक्खू ध्यानाला बसत त्या गुहेभोवती वसलं आहे. लेम सोरजवळच्या समाहिताचं नातं तर थेट महाराष्ट्राशी आहे. त्याचे संस्थापक प्राणायाम शिकले ते लोणावळ्याच्या कैवल्यधामच्या ओ. पी. तिवारींकडे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये कैवल्यधाम काढलं तेव्हा योगक्रिया प्रयोगशाळेत मोजून पाहण्याचा त्यांचा आग्रह होता. प्राणायामासाठी सामुईला जायचा विचार करणाऱ्या पुणे-मुंबईकरांनी आधी लोणावळ्याची गाडी पकडावी, असं मी मनापासून सांगेन.

कुवलयानंदांची तीच मोजून पाहण्याची वृत्ती डिटॉक्सला लावली की फार काही हाती लागत नाही. शरीरातली टाकाऊ द्रव्यं बाहेर टाकण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं चोवीस तास करतात. आठवडाभराच्या उपवासाने किंवा आतडं पाण्याने धुतल्याने त्यात भर पडते, याचा भरवशाचा पुरावा नाही. उलट आतडं धुण्यात क्षारांचं प्रमाण बिघडण्याचा आणि क्वचित आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने असा उपवास डॉक्टरांना न विचारता करणं म्हणजे रक्तातली साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरण्याला आमंत्रण. आपल्या घरोघरी मधुमेह असताना हे ठळक अक्षरांत छापायला हवं. मसाजाचा दावा त्या मानाने माफक आहे: पाठदुखी, मानदुखीवर थोड्या काळापुरता आराम मिळतो, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. मला तो पुरेसा वाटतो.

मात्र मानेला झटका देऊन कडकड वाजवू देऊ नये. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ठिसूळ हाडं, गरोदरपण यांपैकी काही असेल तर आधीच सांगावं. लांबच्या विमानप्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखत असेल तर मसाज टाळून डॉक्टर गाठावा. दाब जास्त वाटला तर दात आवळून सहन करू नये, ‘बाव-बाव’ म्हणजे हळू, एवढं म्हटलं की पुरतं.

आणि तारखा पाहून तिकीट काढावं. सामुई थायलंडच्या आखातात आहे, तिथे ईशान्य मोसमी वारे पाऊस आणतात आणि नोव्हेंबर हा सर्वांत ओला महिना. आपली दिवाळीची सुट्टी नेमकी त्याच्या आसपास येते. तेव्हा जायचं असेल तर अंदमान समुद्राकडचं फुकेत किंवा क्राबी बरं. सामुईसाठी फेब्रुवारी-मार्च उत्तम, आणि मुलांच्या शाळेमुळे मे महिनाच मिळत असेल तर उकाड्याची तयारी ठेवून तोही चालेल.