आलेले पाणी आणि जाणारे पाणी

नळाची तोटी फिरविताच पाणी येते. ते पुढे कोठे जाते, याचा विचार गृहस्थ क्वचितच करतो. मुंबईला तरी हे शहाणपण ठेच लागल्यावरच आले. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळांनी शहरात आले. परंतु वापरलेले पाणी वाहून नेणारी गटारे त्या मानाने झाली नाहीत. ते सखल वस्त्यांत मुरून जमीन ओलसर व रोगट झाली.

आज महानगरपालिका सात तलावांचे पाणी पुरविते. परंतु पावसाचे जुने नाले ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने, तेही ओहोटी धरून, बांधलेले. भरतीत समुद्र नाल्यांच्या मुखाहून वर चढतो. मग पाण्याला वाट उरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यातच भरती आली, आणि शेकडो माणसे प्राणास मुकली. त्यानंतर हाजी अली, इर्ला आदी ठिकाणी पंपगृहे उभारण्यात आली. भरतीत नाल्यांचे दरवाजे मिटावयाचे व पाणी पंपांनी समुद्रात लोटावयाचे, अशी ही योजना.

तथापि नालाच बुजला, तर पाणी पंपापर्यंत पोहोचावे कसे? आणि तो बुजविणारा कचरा घराघरांतूनच जातो. पाणी आणणे हे निम्मेच काम होय. ते सुखरूप जाऊ देणे हे उरलेले निम्मे, आणि त्यात प्रत्येक घराचा वाटा आहे.