श्रद्धा आणि मंडळी

सुरतेत ख्रिस्ती श्रद्धेविषयी बोलताना प्रथम या नगरीचेच स्मरण होते. स्किनर व फाय्वी या मिशनऱ्यांनी केलेला नव्या कराराचा गुजराती अनुवाद १८२१ साली येथेच छापला गेला. परंतु वचन छापले गेले म्हणजे ते आचरिले गेले, असे नव्हे.

आचरणाचा प्रत्यय मला पंडिता रमाबाईंच्या चरित्रात येतो. १९०० च्या दुष्काळात त्यांनी गुजरातेतील निराधार मुलींना पुणे जिल्ह्यातील केडगावी, मुक्ती मिशनमध्ये आणले. अन्नवस्त्र देऊन त्या थांबल्या नाहीत. तेथे मुली अक्षरे शिकल्या, शेती, विणकाम व छपाई शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलचे खिळे मुक्तीतल्या स्त्रियांनीच जुळविले. रमाबाई १९२२ साली निवर्तल्या. तो ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

माझ्या मते सेवेची कसोटी हीच, की जिला आज आधार मिळाला, ती उद्या दुसरीचा आधार होते काय? देणारा सदैव देणाराच आणि घेणारा सदैव घेणाराच राहिला, तर तेथे दानधर्म असेल, मंडळी नसेल. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेचे ऋणही याच कसोटीवर तपासून पाहावे.