पत्ता तोच, गाव पाण्याखाली

गाळ्यातला सर्व्हर : लेखांक ७

घोडेगावात नवा माणूस उतरला की हमखास विचारतो, “तालुका आंबेगाव ना? मग आंबेगाव कुठंय?” आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. घोड नदी अडवली, हुतात्मा बाबू गेनू सागर भरला आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते गावच त्यात गेलं. सातबाऱ्यावर, दाखल्यांवर तालुक्याचं नाव मात्र तसंच चालू आहे. त्या नावाच्या भरवशावर कुणी जुन्या वाटेनं निघालं, तर वाट पाण्याच्या काठाशी येऊन थांबते.

मला हे आठवलं ते नारायणगावात, एका आडतदाराच्या गाळ्यात. टोमॅटोचा हंगाम ऐन भरात होता. गाळ्यातल्या टेबलाखाली, क्रेटच्या थप्पीला खेटून एक जुनी पेटी आठ-नऊ वर्षं मुकाट चालते आहे. माल विकला गेला की शेतकऱ्याच्या हातात जी पट्टी पडते, ती याच पेटीतून छापून निघते. प्रिंटर बिघडला म्हणून नवा आणला होता आणि त्याला लागणारं पॅकेज काही केल्या बसेना. दिवाणजींचा फोन आला, “सर, नेट गेलंय बघा. सर्व्हर म्हणतोय होस्ट सापडत नाही. वायरवाल्याला बोलावू का?”

नेट गेलेलं नव्हतं. त्याच राउटरवर दिवाणजींचा मोबाइल व्यवस्थित चालत होता. मी पडद्यावरच्या ओळी त्यांना सावकाश वाचायला सांगितल्या. आधी ‘कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट’, त्याच ओळीत ‘मिररलिस्ट डॉट सेंटओएस डॉट ऑर्ग’ हे नाव, आणि शेवटी ‘कॅननॉट फाइंड अ व्हॅलिड बेसयूआरएल फॉर रेपो’. या लेखमालेच्या वाचकांना माझी पहिली विनंती हीच असते की चूक सांगणारा संदेश पूर्ण वाचा. ‘होस्ट सापडत नाही’ एवढंच वाचून आपण वायरवाल्याला फोन लावतो. कोणता होस्ट सापडत नाही, ते पुढच्याच शब्दात लिहिलेलं असतं.

आता हा होस्ट म्हणजे काय ते बघू. सेंटओएससारख्या लिनक्समध्ये नवं सॉफ्टवेअर ‘यम’ नावाचा कारभारी आणून देतो. माल ठेवलेला असतो रेपोमध्ये, म्हणजे वखारीत. अशा वखारी जगभर पसरलेल्या. त्यातली जवळची कोणती, हे यमला ठाऊक नसतं. म्हणून तो आधी मिररलिस्ट या चौकशीच्या खिडकीवर जातो आणि विचारतो, ‘माझ्याकडं आवृत्ती ७ आहे, माल कुठं मिळेल?’ खिडकी त्याला वखारींची यादी देते. ३० जून २०२४ रोजी सेंटओएस ७ चा आधार संपला आणि त्यानंतर ही खिडकीच बंद झाली. इंटरनेटच्या नावांच्या वहीतून तिचं नावही निघालं. म्हणजे सर्व्हर खरं तेच सांगत होता. त्या नावाचं गाव आता नाही.

सेंटओएस आपल्याकडं एवढं का पसरलं, तेही सांगायला हवं. रेड हॅट कंपनीचं सशुल्क लिनक्स ज्या मूळ संहितेतून बनतं, त्याच संहितेतून २००४ पासून स्वयंसेवक सेंटओएस बनवून फुकट देत होते. सेंटओएस ७ जुलै २०१४ मध्ये आलं आणि दहा वर्षं दुरुस्त्या मिळतील, असा शब्द होता. तो शब्द पाळला गेला. खरा धक्का बसला आवृत्ती ८ वाल्यांना. तिला २०२९ पर्यंत आधार मिळणार होता. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झालं की ३१ डिसेंबर २०२१ लाच तो संपेल. नवं ते घेतलं म्हणून ज्यांनी समाधान मानलं होतं, ते आधी उघड्यावर आले. मला ती गोष्ट आजही अन्यायाची वाटते. दहा वर्षांच्या भरवशावर लोकांनी हिशेबाची व्यवस्था उभी केलेली असते आणि ती एका वर्षात हलवायला सांगणं छोट्या माणसाला परवडत नाही.

लिनक्स म्हणजे शहरातल्या कंपन्यांची गोष्ट, असं आपल्या भागात कुणी म्हणालं की मी खोडदकडं बोट दाखवतो. नारायणगावपासून हाकेच्या अंतरावर जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या उभ्या आहेत. एकूण तीस. चौदा मध्यभागी, सोळा तीन फांद्यांवर दूरवर पसरलेल्या. त्या सगळ्यांचे संदेश एकत्र आणून जुळवण्याचं काम तिथं लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांचा ताफा करतो. सर्न आणि फर्मिलॅबसारख्या विज्ञानसंस्था रेड हॅटच्याच संहितेतून ‘सायंटिफिक लिनक्स’ बनवून वापरत होत्या. तेही आवृत्ती ७ वर थांबलं, आणि त्याचा आधारही ३० जून २०२४ लाच संपला. गाळ्यातल्या पेटीवर आलेली वेळ मोठ्या प्रयोगशाळांवरही आली. फरक एवढाच, की त्यांच्याकडं या कामाला माणसं नेमलेली असतात.

दुरुस्तीला हात घालण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. (आज्ञा मी बोलतो तशा लिहितो आहे, टंकताना त्या इंग्रजी लिपीतच द्यायच्या.) ‘कॅट’ वापरून ‘ईटीसी’ फोल्डरातली ‘रेडहॅट-रिलीज’ ही फाइल वाचली की नेमकी आवृत्ती कळते. मी गाळ्यात पोचून पाहिलं, तर ती ७.९.२००९ निघाली. यातलं २००९ म्हणजे सन नव्हे, ते २०२० चा नववा महिना सांगतं. दुसरं, ‘डीएफ’ देऊन डिस्क भरली नाही ना ते बघायचं. जुन्या कर्नलनी ‘बूट’चा छोटा कप्पा बऱ्याचदा गच्च झालेला असतो. तिसरं घड्याळ. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो, लाइट जाते, पेटी परत चालू होते आणि तारीख पार मागं गेलेली असते. मग जी सुरक्षा प्रमाणपत्रं आज वैध आहेत ती सर्व्हरला ‘अजून लागू न झालेली’ वाटतात आणि तो प्रत्येक जोडणी नाकारतो. अशा वेळी दिवसभर रेपो तपासत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. ‘डेट’ एवढा एक शब्द टाइप केला असता तर उलगडा झाला असता.

गाळ्यात घड्याळ बरोबर होतं, डिस्कही रिकामी होती. तेव्हा पत्ता बदलणं एवढंच उरलं. सेंटओएसचा जुना माल फेकून दिलेला नाही. तो ‘व्हॉल्ट डॉट सेंटओएस डॉट ऑर्ग’ इथं जसाच्या तसा जपून ठेवला आहे. ‘यम.रेपोज.डी’ या फोल्डरची आधी नक्कल काढून ठेवली. मग सेंटओएस-बेसच्या फाइलमध्ये मिररलिस्टने सुरू होणाऱ्या ओळींपुढं हॅशची खूण टाकून त्या निष्क्रिय केल्या, बेसयूआरएलच्या ओळींपुढची तीच खूण काढली आणि त्यांत मिररच्या जागी व्हॉल्ट व आवृत्तीच्या जागी पूर्ण ७.९.२००९ लिहिलं. नंतर ‘यम क्लीन ऑल’ आणि ‘यम मेककॅश’. पहिल्या ओळी सरकू लागल्या तसे दिवाणजी म्हणाले, “आलं की नेट!”

पण तेवढ्यावर भागलं नाही. पुढं एपेल नावाचा दुसरा रेपो अडला. तो फेडोरा मंडळींचा, वेगळ्या घरचा, आणि त्यांनीही आवृत्ती ७ चा माल आपल्या आर्काइव्हमध्ये हलवलेला. त्याचा पत्ता वेगळा बदलावा लागला. अशा वेळी माझी पद्धत एकच आहे. बेस सोडून बाकीचे सगळे रेपो ‘इनेबल्ड’ शून्य करून बंद ठेवायचे आणि मग एकेक उघडायचा. दहा चुका एकदम पडद्यावर आल्या की माणूस गोंधळतो. एका वेळी एकच समोर असली की ती सापडते.

काही जुन्या पेट्यांवर आणखी एक गाठ बसते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रं ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारावर ओळखली जात होती, ते ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपलं. त्याआधीपासून अपडेट न झालेल्या सेंटओएस ७ ला तेव्हापासून कित्येक जागा ‘प्रमाणपत्र संपलेल्या’ दिसतात, आणि चूक असते त्याच्याच खिशातल्या जुन्या यादीची. व्हॉल्टचा पत्ता लावल्यावर सर्वांत आधी ‘सीए-सर्टिफिकेट्स’ हे एकच पॅकेज अद्ययावत करावं, बाकीचं नंतर.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो. घाईत असलेला माणूस ‘जीपीजीचेक’ शून्य करतो किंवा ‘एसएसएलव्हेरिफाय’ बंद करतो, आणि काम झाल्यासारखं वाटतं. तसं करू नका. जीपीजी तपासणी म्हणजे पोत्यावरचं सील. माल कोणत्याही वाटेनं आला तरी तो मूळ वखारीतलाच आहे की मध्ये कुणी उघडला, हे त्या सीलवरूनच कळतं. जुन्या सर्व्हरला तर त्याची गरज जास्त, कारण त्याच्याकडं बाकी संरक्षण फारसं उरलेलंच नसतं.

अपडेट सुरू करण्याआधी मी यूपीएसची बॅटरी तपासली. गेल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी मी ती तपासली नव्हती. पॅकेजेस बसत असतानाच लाइट गेली, पेटी बंद पडली आणि परत चालू झाल्यावर यमला स्वतःचीच नोंदवही वाचता येईना. निम्मी पॅकेजेस दोन-दोनदा नोंदलेली. ‘व्हार-लिब-आरपीएम’ या फोल्डरची नक्कल काढून, त्यातल्या ‘डबल अंडरस्कोर डीबी’ने सुरू होणाऱ्या फाइली हटवून ‘आरपीएम रिबिल्डडीबी’ चालवलं, मग ‘यम-कम्प्लीट-ट्रान्झॅक्शन’, मग ‘पॅकेज-क्लीनअप’नं दुहेरी नोंदी काढल्या. सगळं जागेवर यायला रात्रीचे अकरा वाजले. बॅटरी तपासायला पाच मिनिटं लागली असती, आणि ती चूक सर्वस्वी माझी होती.

नारायणगावात मात्र लिलाव सुरू व्हायच्या आत नव्या प्रिंटरमधून पहिली पट्टी निघाली. मालकांना वाटलं, आता आणखी पाच वर्षांची चिंता मिटली. मला त्यांना थांबवावं लागलं. व्हॉल्टमध्ये जुना माल मिळतो, नवा येत नाही. तिथली शेवटची दुरुस्ती जून २०२४ ची, आणि त्यानंतर सापडलेलं कोणतंही भोक तिथं बुजवलं जाणार नाही. आधार संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १ जुलै २०२४ रोजी, सर्व्हरवर दुरून काम करू देणाऱ्या ओपनएसएसएचमधला ‘रिग्रेशन’ नावाचा गंभीर दोष जाहीर झाला. सेंटओएस ७ मधली ओपनएसएसएचची आवृत्ती ७.४, आणि तो दोष ८.५ पासून पुढच्या आवृत्त्यांत शिरलेला, म्हणून ही पेटी त्यातून वाचली. तो दोष ७.४ मध्ये असता तर फुकटची दुरुस्ती कुठूनच मिळाली नसती.

म्हणून त्याच दुपारी आम्ही दोन निर्णय घेतले. या पेटीचा इंटरनेटशी संबंध तोडायचा, ती गाळ्यातल्या नेटवर्कपुरतीच ठेवायची. राउटरवर तिच्यासाठी उघडलेलं दार मी तिथंच बंद केलं. आणि हंगाम ओसरला की पट्टीचा सगळा डेटा नव्या पेटीवर न्यायचा. नव्या पेटीत सेंटओएसच्याच जातीचं अल्मालिनक्स ९ घालू, त्याला २०३२ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. जुन्याच पेटीवर ते बसवावं का, असं मालकांनी विचारलं. प्रोसेसर साधारण २००९ च्या आधीच्या घडणीचा असेल तर आवृत्ती ९ त्यावर चालतच नाही. ही पेटी त्यानंतरची आहे, पण आठ-नऊ वर्षं धूळ खाल्लेल्या हार्ड डिस्कवर शेतकऱ्यांचा हिशेब ठेवायला माझं मन घेत नाही.

दिवाणजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवाळीनंतरच्या एका रविवारी गोल केला. पुढच्या लेखांकात तो रविवार: जुन्या डेटाबेसची नक्कल कशी काढायची, नव्यावर उतरवल्यावर जुन्या आणि नव्या पट्टीचा आकडा पैशापर्यंत कसा जुळवून बघायचा, आणि जुळला नाही तर आधी कुठं बघायचं.